विद्यार्थ्याचे कायक



मृग निघाला की मठाच्या ओसरीवर दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. एक, पेरणीपूर्वी मूठभर बियाणे गद्दीसमोर ठेवून आशीर्वाद मागणारे शेतकरी. आणि दुसरी, गुणपत्रकाची झेरॉक्स आणि पेढ्यांचा पुडा सांभाळीत आई-वडिलांच्या मागे अवघडून उभी राहणारी मुले. शेतकऱ्याला काय सांगावे हे आम्हांला कळते, कारण त्याला फारसे काही सांगावे लागत नाही. मुलांच्या कपाळाला मात्र आम्ही वर्षानुवर्षे विभूती लावीत आलो, हातावर फळ ठेवीत आलो आणि "नीट अभ्यास कर, घराण्याचे नाव राख" हे एकच वाक्य बोलत आलो. खरे सांगायचे तर ते वाक्य आम्ही न विचार करताच बोलत होतो.

मागे एकदा निपाणी भागातील एका मुलाने आम्हांला विचार करावयास लावले. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करीत. मुलगा कोल्हापुरास महाविद्यालयात जावयाचा होता. विभूती लावून घेतली, फळ घेतले, आणि तेथेच उभा राहून म्हणाला, "अप्पाजी, दर सोमवारी तुम्ही प्रवचनात सांगता की कायक करील त्यानेच प्रसाद घ्यावा. मी तर आता तीन वर्षे बापाच्या पाठीवरच्या पोत्यावर बसून खाणार. मग मी कायकहीन ठरलो की नाही?"

वडिलांनी त्याला दटावले. आम्ही हसून वेळ मारून नेली. "बाळ, अभ्यास हेच तुझे कायक," असे म्हणालो. सर्वांनी माना डोलावल्या. मुलाने मात्र मान डोलावली नाही, नमस्कार करून तो निघून गेला. रात्री शयनास गेल्यावर ते उत्तर आम्हांला स्वतःलाच पोकळ वाटू लागले.

ते का पोकळ आहे, हे वाचकहो, तुम्हीही पडताळून पाहावे. नुलिय चंदय्या गवत कापून दोर वळीत, तो विकीत आणि त्यातून जंगम-दासोह करीत. मडिवाळ माचय्या शरणांची वस्त्रे धूत. अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत. या प्रत्येकाच्या कायकातून काहीतरी दुसऱ्याच्या हाती पडते: दोर, स्वच्छ वस्त्र, पैलतीर. शिवाय मिळाले त्यातील आपल्यापुरते ठेवून उरलेले दासोहात जाते. आता विद्यार्थ्याकडे पाहा. तो श्रम करतो खरे. पण त्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरी पडते? गुण त्याचे, पदवी त्याची, पुढची नोकरी आणि पगारही त्याचाच. ज्या श्रमाचा सारा लाभ आपल्याच घरी येतो त्यास शरणांनी कायक म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही. तो व्यवसाय होईल, उद्योग होईल. तेव्हा "अभ्यास हेच कायक" हे उत्तर मुलाला धीर देण्यापुरते ठीक; पण वचनशास्त्राच्या कसोटीला ते जसेच्या तसे उतरत नाही.

मग ते कोणत्या अटीवर उतरेल? या ठिकाणी आम्हांस आयदक्की मारय्या आणि त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा यांची कथा आठवते. कल्याणच्या अंगणांत, रस्त्यांवर सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. रोज लागेल तेवढेच आणावयाचे, त्यातूनच जंगमांना प्रसाद द्यावयाचा. कायकात मग्न असता गुरुदर्शन आणि लिंगपूजाही मागे पडली तरी चालेल, इतके धीट मत मांडणारे हे शरण. असे असूनही एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. लक्कम्मांनी पदर पुढे केला नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की हे जास्तीचे कशासाठी? आणि अधिकचे दाणे जेथून उचलले तेथेच नेऊन टाकावयास लावले.

आम्ही लहानपणापासून ही कथा निर्लोभतेची म्हणून सांगत आलो. विद्यार्थ्याच्या संदर्भात तिच्याकडे पाहिले तेव्हा तिची दुसरी बाजू ध्यानी आली. मारय्यांनी चोरी केली नव्हती. दाणे सांडलेलेच होते, उचलण्यास कोणाची मनाई नव्हती. तरीही ते "आपले" नव्हते, कारण त्या दिवसाच्या कायकाच्या मापात ते बसत नव्हते. जे आपल्या श्रमाच्या मापाबाहेरचे ते घरात आले की घर बिघडते, हे त्या माउलीने मुठीच्या वजनावरून ओळखले.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच होतो. पण तुम्हांस उपदेश करावयाचा तर ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले. शेवटच्या परीक्षेसाठी एका ग्रंथावरील टीका आम्ही अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत केली होती. तोंडी परीक्षेत वृद्ध परीक्षकांनी पाच प्रश्न विचारले. आम्ही घडाघडा म्हणून दाखविले. मग ते म्हणाले, "आता हेच तुझ्या आईला समजेल अशा भाषेत सांग." आमची आई निरक्षर, पण घरी कोरान्नाची झोळी टांगलेली असे आणि कोणत्या दारी किती पीठ मिळाले हे ती मनात बरोबर धरून ठेवी. तिला समजेल असे एक वाक्यही आम्हांस जुळविता आले नाही. परीक्षक क्षणभर थांबले, मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि आम्हांस जाण्यास सांगितले. निकालात आम्ही वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झालो होतो. ते गुण दयेचे होते. आज पन्नाशी उलटली, गद्दीवर बसून किती वर्षे झाली. तरी ते दाणे आमच्या ओटीत आहेत, आणि परत नेऊन टाकावे ते अंगण आता सापडत नाही.

परत करता येत नाही, हीच तर विद्येच्या बाबतीतली अडचण आहे. तांदूळ परत टाकता येतात. गुण कसे परत टाकावे?

हा प्रश्न केवळ आमच्या मानसिक समाधानाचा असता तर येथे मांडला नसता. आमच्या प्रसादनिलयात राहून शिकलेला एक मुलगा पुढे स्थापत्य अभियंता झाला. एका रात्री, आरती झाल्यावर, तो एकटाच आला. म्हणाला, "अप्पाजी, बांधकामाच्या रचनेचा विषय मी नक्कल करून सुटलो होतो. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. आज एका शाळेच्या स्लॅबच्या कागदावर सही करावयाची आहे. आकडे बरोबर दिसतात. पण बरोबर दिसतात म्हणजे काय, हे मला खरोखर कळत नाही." त्या शाळेत आपल्याच खेड्यातील मुले बसणार होती. आम्ही त्याला काय सांगणार? पदवी परत कर म्हणावे तर घरी वृद्ध आई-वडील. सही कर म्हणावे तर वर स्लॅब आणि खाली लेकरे. आम्ही एवढेच म्हटले की सही करू नकोस. ज्याला कळते अशा वडीलधाऱ्या अभियंत्याकडे कागद घेऊन जा आणि मला हे येत नाही असे त्याच्या तोंडावर सांग. तो गेला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे तो संध्याकाळी त्या अभियंत्याकडे बसून, स्वतःहून लहान सहकाऱ्यांदेखत, पुन्हा पहिल्यापासून शिकत राहिला. हा आम्ही पाहिलेला दाणे परत टाकण्याचा एक प्रकार.

मुलांनो, तुमच्या काळात तर अंगणात दाण्यांची रासच पडलेली आहे. आमच्या वेळी नक्कल करावयाची तर चिठ्ठी लिहिण्याचे तरी श्रम पडत. आता मोबाइलवर प्रश्न टाकला की यंत्र पानभर निबंध लिहून देते, गणित सोडवून देते, प्रकल्पाचा अहवालही तयार करते. या यंत्राला शिव्या देण्याचा आमचा विचार नाही. शब्दकोश जसा विचारावा तसे त्यालाही विचारावे, अडलेले समजून घ्यावे. परंतु त्याने लिहिलेले आपल्या नावाने देताना आयदक्की लक्कम्मा दारात उभ्या आहेत असे समजा. आम्ही मुलांना त्या परीक्षकांचीच कसोटी सांगतो: जे दिलेस ते आईला समजेल असे सांगता येते का? येत असेल तर ते तुझे. येत नसेल तर कितीही सुंदर असो, ते वेचलेले आहे आणि मापाबाहेरचे आहे. हजेरीचेही तेच. मित्राने आपल्या नावाने हजेरी लावली की कागदावर तुम्ही वर्गात असता आणि प्रत्यक्षात कोठेच नसता. काया नाही तेथे कायक कसले?

तर श्रम स्वतःचा आणि माप खरे, ही झाली पहिली अट. दुसरी अट दासोहाची, आणि ती अधिक कठीण आहे. तुमच्या ताटातले अन्न कोणाचे, हे तुम्हांस नेमके ठाऊक असले पाहिजे.

बापाचे तर आहेच. पुष्कळ घरी ते बँकेचेही असते. शैक्षणिक कर्जाची परतफेड बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते, म्हणून मुलांना वाटते की तोवर काही नाही. पण व्याजाचे आकडे त्या काळातही मोजले जात असतात. बाप लाजेने सांगत नाही, मुलगा विचारीत नाही. आमचे सांगणे असे, की निघण्यापूर्वी एका रात्री बाप-लेकांनी, माय-लेकींनी कर्जाचा कागद मध्ये ठेवून बसावे आणि किती घेतले, किती फेडावे लागेल, हे एकदा मोठ्याने वाचावे. या वाचनाला आम्ही पारायणाइतकेच महत्त्व देतो.

परंतु ताटात याहूनही अधिक हात आहेत. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली लिंगैक्य झाले, ते आपली जहागीर मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून. १९१६ साली बेळगावात सात तरुण शिक्षकांनी के. एल. ई. संस्था उभी केली; ते स्वतः विद्यापीठाची पदवी घेतलेले, मोठ्या नोकऱ्या सहज मिळाल्या असत्या असे लोक. त्याच संस्थेच्या लिंगराज महाविद्यालयात सीमाभागातील किती पिढ्या शिकल्या! कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, त्यात आपलेही वसतिगृह आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली, आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने दिले. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात पूज्य शिवकुमार महास्वामीजी २०१९ साली लिंगैक्य होईपर्यंत हजारो मुले जात न विचारता जेवत, शिकत आली, आजही शिकतात. सरकारी अनुदान म्हणतात तेही कोणा अनोळखी माणसाने काडेपेटी विकत घेताना दिलेल्या करातून येते. विद्यार्थी हा असा भक्त आहे, की जो आधी प्रसाद घेतो आणि कायक मागाहून करतो. त्याचे शिक्षण म्हणजे उसनवार घेतलेला प्रसाद. तो फिटेपर्यंत ते कायक पुरे होत नाही. निपाणीच्या मुलाला द्यावयाचे खरे उत्तर हे होते. आम्हांस ते चार दिवस उशिरा सुचले.

कसे फेडावे, याचे एक उदाहरण देतो. डॉ. फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४) धारवाडात जन्मले, मुंबईस महाविद्यालयात शिकले, कायद्याची पदवी घेऊन विजापुरात वकिली करू लागले. त्या काळी वकील म्हणजे बंगला आणि घोडागाडी. या गृहस्थांनी मात्र गावोगाव फिरून घराघरांतील, मठामठांतील ताडपत्रे गोळा केली. कोणी देव्हाऱ्यात ठेवून त्यांना नुसती हळद-कुंकू वाहत होते. कोणी अडगळीत टाकली होती. १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध झाले. पुढे स्वतःचा छापखाना घातला, त्यापायी राहते घर विकले. आज या मासिकात आपण ज्यावर भाष्य करतो ती वचने आपल्या हाती आली ती पुष्कळशी त्यांच्या या फेडीमुळे. विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली ती १९५६ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. विद्यापीठे अशा बाबतीत घाई करीत नाहीत.

सर्वांनीच घर विकावे असे नव्हे. शिवाजी विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे. तेथे सकाळी काम करून दुपारी वर्गात बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नसते, उलट थोडी ऐट असते. ज्याला शक्य आहे त्याने असे काही करावे. ज्याला नाही त्याने सुटीत गावी आल्यावर दहावीच्या चार मुलांना गणित शिकवावे. फेड शिकतानाही सुरू करता येते.

आता दाराविषयी दोन शब्द. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्यांनी शिष्याला केलेला उपदेश प्रसिद्ध आहे, पदवीदान समारंभात तो आवर्जून म्हटला जातो. परंतु तो उपदेश शिक्षण संपवून निघालेल्याला आहे. प्रवेश करणाऱ्याला काय सांगावे? आमच्या परंपरेत याचे उत्तर शून्यसंपादनेत सापडते. अक्कमहादेवी अनुभव मंटपात आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांचे स्वागत हार घालून केले नाही. दारातच कठोर प्रश्न विचारले. अक्कांनी मान खाली न घालता उत्तरे दिली, आणि मग तीच सभा त्यांच्यापुढे नम्र झाली. जेथे ज्येष्ठही प्रश्न विचारतो आणि नवखीही उत्तर देते ते विद्यापीठ. तुम्हीही वर्गात विचारा. विज्ञान शिकताना देवाधर्माविषयी शंका येतील, त्या येथे घेऊन या. ओसरीवर त्यासाठी जागा आहे. शंका घेणारा मुलगा मठापासून तुटतो असे नाही. शंका लपविणारा तुटतो, हा आमचा अनुभव.

मात्र अल्लमप्रभूंचे प्रश्न आणि वसतिगृहातील रॅगिंग यांत गल्लत करू नका. एकात समोरच्याला उंच करावयाचे असते, दुसऱ्यात चिरडावयाचे. महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कर्नाटकात १९८३ च्या शिक्षण कायद्यातच रॅगिंगला बंदी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ सालचे. सहन करणे ही येथे भक्ती नव्हे. आणि पुढल्या वर्षी तुम्ही ज्येष्ठ व्हाल तेव्हा आमच्यावरही झाले होते असे म्हणून कोणाला छळाल, तर गळ्यातील लिंगाला काय सांगणार आहात?

लिंगाचे निघालेच म्हणून सांगतो. पुष्कळ मुली आणि थोडी मुले विचारतात, की चार जणींच्या खोलीत इष्टलिंगपूजा कशी करावी? पंधरा मिनिटे लवकर उठावे, पलंगाच्या कडेला बसावे, संपले. कोणी विचारले तर सांगावे, न विचारता सांगू नये. ते मिरवावयाचेही नाही आणि शर्टाच्या आत लपवून कासावीसही व्हावयाचे नाही. आडनाव ऐकून मैत्री करणाऱ्यांच्या टोळक्यात मात्र जाऊ नका, ते टोळके आपल्याच लोकांचे असले तरी. समोरचा कोणाचा हा प्रश्नच बसवण्णांनी निकालात काढला होता. हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलांच्या विवाहापायी कल्याणात रक्त सांडले, ते आपण कँटीनमध्ये पुन्हा जातवार टेबले मांडावीत म्हणून नव्हे.

पालकांसाठी एकच. परीक्षेत अपयश आले तर मुलाने कोणाला प्रथम फोन करावा, हे तो निघण्यापूर्वीच ठरवून द्या. तो फोन जो घेईल त्याने पहिल्या वाक्यात गुण विचारू नयेत. जेवलास का, असे विचारावे. जो नियम मुलाला तोच मुलीला. मुलगा नापास झाला तर पुन्हा फी भरावयाची आणि मुलगी नापास झाली तर स्थळ पाहावयाचे, हा प्रकार आमच्या कानावर दरवर्षी येतो आणि त्या घरी पाद्यपूजेस जाण्यास आमचे पाय उचलत नाहीत.

निपाणीच्या त्या मुलाला आम्ही वडिलांकरवी पुन्हा बोलावून घेतले आणि उसन्या प्रसादाचे उत्तर सांगितले. त्याने ऐकून घेतले. पटले की नाही ते बोलला नाही. कोल्हापुरास गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. सारे इंग्रजीत शिकवितात, निम्मे डोक्यावरून जाते, असे म्हणाला. आम्ही विचारले, मग काय केलेस? म्हणाला, "अप्पाजी, काल हात वर केला. इंग्रजी जुळेना, तेव्हा मराठीतच विचारले. मागचे सगळे हसले. सरांनी खडू घेतला, फळा पुसला आणि पहिल्यापासून परत सांगितले. तास सुटल्यावर हसणाऱ्यांतले दोघे वही मागावयास आले."

"दिलीस का?"

"दिली. त्यांनाही कळले नव्हते."

मग म्हणाला, बापूंना सांगा, पोती जरा कमी उचला, आणि फोन ठेवला.